जँगोला पोस्टग्रेस आणि मोंगोडीबी जोडताना

जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये लिहिलेल्या एकाच वेब अ‍ॅप्लिकेशनमागे दोन डेटाबेस लावायचे असतील तर पहिला प्रश्न जोडणीचा नसतो. कोणता डेटा कुठे राहणार, हे आधी ठरवावे लागते. ऑनलाइन विक्रीची साइट घ्या. ग्राहक, ऑर्डर, पैसे आणि साठा यांचे एकमेकांशी पक्के नाते असते, आकडा चुकून चालत नाही, म्हणून ते रिलेशनल डेटाबेसमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसमध्ये. वस्तूंचे तपशील मात्र प्रत्येकाचे वेगळे. सदऱ्याला माप आणि कापड, फोनला मेमरी आणि बॅटरी, पुस्तकाला पानांची संख्या. असा बदलत्या आकाराचा मजकूर डॉक्युमेंट डेटाबेसमध्ये, म्हणजे मोंगोडीबीत, सोयीचा पडतो.

तरीही मोंगोडीबी बसवण्याआधी एकदा थांबा. पोस्टग्रेसमध्ये जेसनबी नावाचा कॉलम प्रकार आहे, त्यात असा बदलता मजकूर मावतो, आणि जँगोचे जेसनफील्ड तोच वापरते. बदलते तपशील एवढीच अडचण असेल तर तेवढे बऱ्याचदा पुरते. दोन डेटाबेस म्हणजे दोन बॅकअप, दोन पासवर्ड, दोन ठिकाणी देखरेख, आणि दोघांना मिळून एकच व्यवहार (ट्रान्झॅक्शन, म्हणजे सगळे लिहिले जाईल किंवा काहीच नाही) करता येत नाही. हे सगळे पत्करण्याइतके कारण असेल तरच पुढे वाचा.

इथली पावले जँगो ५.२ साठी आहेत. त्याला पायथन ३.१० किंवा पुढचे आणि पोस्टग्रेस १४ किंवा पुढचे लागते. सेटिंग आणि फंक्शनची नावे इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कोडमध्ये टाइप करताना जँगोच्या अधिकृत दस्तऐवजातले स्पेलिंग समोर ठेवा.

पायरी १: पोस्टग्रेसमध्ये यूजर आणि डेटाबेस

सेटिंग्ज फाइलला हात लावण्याआधी हे काम पीएसक्यूएलमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसच्या कमांड-लाइन साधनात, पूर्ण करा. लिनक्सवर पोस्टग्रेस याच नावाच्या सिस्टिम यूजरच्या रूपाने पीएसक्यूएल उघडते. तिथे आधी अ‍ॅप्लिकेशनसाठी वेगळा रोल (पोस्टग्रेसमधला यूजर) तयार करा, त्याला लॉगिनची परवानगी आणि पासवर्ड द्या. मग डेटाबेस तयार करा आणि तयार करतानाच त्याचा ओनर म्हणून हाच रोल लावा. नावे लहान लिपीत आणि अंडरस्कोर घालून ठेवा. अवतरणाशिवाय लिहिलेली नावे पोस्टग्रेस आपणहून लहान लिपीत बदलते, त्यामुळे एकदा अवतरणात कॅपिटल अक्षर वापरले की पुढे प्रत्येक ठिकाणी अवतरण घालत बसावे लागते.

ओनर लावण्यावर एवढा जोर का? पोस्टग्रेस १५ पासून पब्लिक स्कीमामध्ये (टेबले मुळात जिथे तयार होतात त्या जागी) टेबल तयार करण्याची सरसकट परवानगी काढून टाकली आहे. जुने लेख पाहून नुसती 'ग्रँट ऑल ऑन डेटाबेस' दिली तर जोडणी होते, लॉगिन होते, आणि टेबले तयार करणारा जँगोचा 'मायग्रेट' आदेश चालवताक्षणी 'परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक' असे उत्तर येते. डेटाबेसच्या ओनरला ती परवानगी मिळतेच. डेटाबेस आधीच दुसऱ्याच्या नावावर तयार झाला असेल तर 'ऑल्टर डेटाबेस' वापरून ओनर बदला.

आता बाहेर या आणि त्याच नव्या रोलने, होस्ट १२७.०.०.१ देऊन, पीएसक्यूएलमधून लॉगिन करून पाहा. हे जमल्याशिवाय जँगोकडे जाऊ नका. इथे अडले असेल तर चूक जँगोच्या खाली आहे, आणि ती पायथनच्या पन्नास ओळींच्या ट्रेसबॅकमधून शोधण्यापेक्षा पीएसक्यूएलच्या एका ओळीतून लवकर कळते.

पायरी २: ड्रायव्हर आणि सेटिंग्ज

प्रोजेक्टच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटमध्ये सायकोपीजी या पोस्टग्रेसच्या पायथन ड्रायव्हरची तिसरी आवृत्ती बसवा. जँगो ४.२ पासून ती चालते. पिपला, म्हणजे पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाला, नाव देताना चौकटी कंसात 'बायनरी' हा पर्याय जोडला की आधीच बांधलेले पॅकेज येते. सायकोपीजी २ त्याच्या 'बायनरी' नावाच्या वेगळ्या पॅकेजऐवजी मूळ नावाने बसवायला गेलात, तर पोस्टग्रेसच्या हेडर फाइली आणि सी कंपायलर लागतो. 'पीजी कॉन्फिग नॉट फाउंड' ही ओरड तिथूनच येते.

सेटिंग्जमध्ये 'डेटाबेसेस' या डिक्शनरीतल्या 'डिफॉल्ट' खाली सहा गोष्टी भरायच्या असतात: इंजिन, नेम, यूजर, पासवर्ड, होस्ट आणि पोर्ट. पोर्ट ५४३२. पासवर्ड कोडमध्ये लिहू नका, एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमधून घ्या, आणि तो ज्या फाइलीत ठेवाल ती फाइल पहिल्या कमिटच्या आधी गिटइग्नोरमध्ये (गिटने साठवू नयेत अशा फाइलींच्या यादीत) टाका. नंतर टाकून उपयोग नाही, इतिहासात पासवर्ड राहतोच.

होस्ट रिकामा सोडू नका. रिकाम्या होस्टचा अर्थ युनिक्स सॉकेट. बऱ्याच लिनक्स इन्स्टॉलेशनमध्ये सॉकेटवर 'पीअर' तपासणी असते, म्हणजे तुमचे सिस्टिमवरचे नाव आणि रोलचे नाव तेच असावे लागते. पासवर्ड कितीही बरोबर असला तरी 'पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड' येते, कारण पासवर्ड कोणी विचारलेलाच नसतो. होस्टमध्ये १२७.०.०.१ लिहिले की टीसीपीने जोडणी होते आणि पासवर्डची तपासणी लागू पडते.

डेटाबेस दुसऱ्या मशिनवर असेल तर 'ऑप्शन्स'मध्ये एसएसएल मोड द्या. 'रिक्वायर' दिले तर वाहतूक एन्क्रिप्ट होते, पण समोरचा सर्व्हर खरा आहे की नाही हे तपासले जात नाही. त्यासाठी 'व्हेरिफाय फुल' आणि सर्टिफिकेट लागते.

पायरी ३: तपासणी, आणि एररचा अर्थ

मॅनेज फाइलला 'चेक' हा आदेश 'डेटाबेस डिफॉल्ट' या पर्यायासह द्या, मग 'मायग्रेट'. अडलेच तर संदेश नीट वाचा. जोडणी कुठवर पोहोचली हे त्यात लिहिलेले असते.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे त्या पत्त्यावर पोहोचलात, पण त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही. एकतर सर्व्हर बंद आहे किंवा पोर्ट चुकले आहे. तिसरी शक्यता म्हणजे पोस्टग्रेस फक्त स्वतःच्या मशिनवरून येणाऱ्या जोडण्या ऐकते आहे. 'लिसन अ‍ॅड्रेसेस'चे मूळ मूल्य लोकलहोस्ट असते, म्हणून दुसऱ्या मशिनवरून पहिल्यांदा जोडताना हे हमखास भेटते.

काहीच उत्तर न येता बराच वेळ अडकून शेवटी 'टाइमआउट' येत असेल तर वाटेत फायरवॉल पॅकेट गिळते आहे असे समजा.

'नो पीजी-एचबीए एंट्री फॉर होस्ट' म्हणजे सर्व्हरपर्यंत पोहोचलात, पण त्या पत्त्यावरून त्या यूजरने त्या डेटाबेसला यायचे की नाही याची नोंदच पोस्टग्रेसच्या 'पीजी-एचबीए' या परवानग्यांच्या फाइलीत नाही. नोंद घालून पोस्टग्रेस रीलोड करा.

'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड' ही त्या मानाने बरी बातमी. नेटवर्क, पोर्ट, नोंद सगळे जमले, आता फक्त नाव-पासवर्ड पाहायचा. इथे एक खोडकर चूक होते. पासवर्डमध्ये @ असेल तर यूआरएलच्या रूपात लिहिताना त्याच्या जागी %४० लिहावे लागते, कारण यूआरएलमध्ये @ नंतर होस्टचे नाव सुरू होते. जँगोच्या डिक्शनरीत मात्र पासवर्ड जसाच्या तसा लिहायचा. यूआरएलमधला बदललेला पासवर्ड डिक्शनरीत चिकटवला की तो चुकीचा ठरतो, आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच वाटतात.

पायरी ४: मोंगोडीबीचा यूजर

मोंगोडीबी स्वतः बसवली तर तिच्यात सुरुवातीला लॉगिनची सक्तीच नसते. आवृत्ती ३.६ पासून ती मुळात लोकलहोस्टवरच ऐकते, एवढाच आधार. 'दुसऱ्या मशिनवरून जोडता येत नाही' म्हणून बाइंड आयपी सगळ्यांसाठी मोकळा करायचा आणि लॉगिनचे राहून जायचे, ही चूक महागात पडते.

क्रम असा ठेवा. मोंगोशेल उघडा, 'यूज अ‍ॅडमिन' म्हणा आणि आधी एक प्रशासक यूजर तयार करा. मग अ‍ॅप्लिकेशनसाठी दुसरा यूजर करा आणि त्याला फक्त आपल्या डेटाबेसवर 'रीडराइट' ही भूमिका द्या. त्यानंतर कॉन्फिग फाइलमधल्या 'सिक्युरिटी' खाली 'ऑथरायझेशन' हे 'एनेबल्ड' करा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. ती फाइल यामल आहे. आत सरकवायला स्पेसच लागतात, टॅब चालत नाही, आणि टॅब पडला तर सर्व्हिस उठतच नाही.

आता जोडणीची ओळ. तिच्यात मोंगोडीबीची योजना, यूजर, पासवर्ड, होस्ट, पोर्ट २७०१७ आणि शेवटी तिरक्या रेषेनंतर डेटाबेसचे नाव येते. यूजर अ‍ॅडमिनमध्ये तयार केला आणि ओळीत डेटाबेस 'दुकान' लिहिला, तर ड्रायव्हर त्या यूजरला 'दुकान'मध्ये शोधतो. तो तिथे नसतोच. पासवर्ड बरोबर असूनही 'ऑथेंटिकेशन फेल्ड' येण्याचे हे सर्वात नेहमीचे कारण. ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्हानंतर 'ऑथसोर्स' बरोबर 'अ‍ॅडमिन' लिहा, काम होते.

पायरी ५: क्लायंट एकच

पिपने पायमोंगो, म्हणजे मोंगोडीबीचा पायथन ड्रायव्हर, बसवा. बीसन नावाचे पॅकेज वेगळे बसवू नका. पायमोंगोबरोबर स्वतःचे बीसन येते आणि पिपवर त्याच नावाचे दुसरे, न जुळणारे पॅकेज आहे. दोन्ही एकत्र आले की इम्पोर्ट करतानाच चित्रविचित्र एरर येतात.

अशा जोडणीत मोंगोडीबी जँगोच्या 'डेटाबेसेस'मध्ये लिहायची नाही. ती ओआरएमच्या (मॉडेलमधून डेटाबेसशी बोलणाऱ्या जँगोच्या भागाच्या) बाहेर राहते, म्हणून तिला मायग्रेशन नाही आणि अ‍ॅडमिन पॅनेलही नाही. तिच्यासाठी एक छोटी पायथन फाइल करा. तीत एक फंक्शन ठेवा, ते पहिल्यांदा बोलावले की मोंगोक्लायंट तयार करते आणि नंतर तोच परत देते. फंक्टूल्समधला एलआरयू कॅश वर लावला की एवढे आपोआप होते.

व्ह्यूच्या आत दर रिक्वेस्टला नवा मोंगोक्लायंट तयार करणे ही नवख्यांची ठरलेली चूक. प्रत्येक क्लायंट स्वतःचा पूल (उघड्या ठेवलेल्या जोडण्यांचा साठा) सांभाळतो, त्याची मूळ कमाल मर्यादा १०० जोडण्यांची, आणि सर्व्हरवर लक्ष ठेवणारे धागेही (थ्रेड) तो वेगळे सुरू करतो. चार लोक साइट पाहत असतात तोवर काहीच जाणवत नाही. गर्दी झाली की सर्व्हरवर जोडण्यांचा ढीग लागतो.

क्लायंट फाइलीच्या वरच्या पातळीवर तयार करणेही टाळा. जँगो चालवणारा गनिकॉर्न सर्व्हर 'प्रीलोड' लावून चालवला तर अ‍ॅप्लिकेशन आधी वाचले जाते आणि मग वर्कर फोर्क होतात, म्हणजे त्याच प्रोसेसच्या प्रती निघतात. मोंगोक्लायंट फोर्क ओलांडून वापरायचा नसतो. पायमोंगो तसा इशाराही देते. फंक्शनच्या आत ठेवलात तर प्रत्येक वर्कर आपल्या पहिल्या रिक्वेस्टला स्वतःचा क्लायंट करतो.

मोंगोक्लायंट तयार झाला म्हणजे जोडणी झाली, असे नाही. ती ओळ लगेच पुढे सरकते, चूक पहिल्या खऱ्या क्वेरीला कळते, आणि तीसुद्धा सर्व्हर निवडण्याची मूळ मर्यादा ३० सेकंदांची असल्याने अर्ध्या मिनिटाने. डेव्हलपमेंटमध्ये ही मर्यादा ३००० मिलिसेकंद ठेवा. तपासणीसाठी बहुतेक ठिकाणी 'पिंग' सुचवतात, पण पिंगला लॉगिन लागत नाही. जोडणीच्या ओळीत नाव-पासवर्ड घालायचाच विसरलात तरी पिंग हसतमुखाने उत्तर देते. त्यापेक्षा एखाद्या कलेक्शनमधला एक डॉक्युमेंट मागून पाहा.

पायरी ६: पहिल्या आठवड्यात नडणाऱ्या गोष्टी

पोस्टग्रेस चुकीवर लगेच ओरडते, मोंगोडीबी बहुतेक वेळा गप्प राहते. कलेक्शनच्या नावात एक अक्षर चुकले तर पहिल्या इन्सर्टला त्या चुकीच्या नावाचे नवे कलेक्शन तयार होते. वाचताना चुकले तर रिकामी यादी मिळते, एरर नाही. म्हणून कलेक्शनची नावे एकाच जागी स्थिरांक म्हणून ठेवा आणि बाकी कोडमध्ये ती हाताने लिहू नका. एखादे फील्ड दोनदा येता कामा नये असे असेल तर युनिक इंडेक्स स्वतः तयार करा, आणि डेटा भरण्याआधी करा. आधीच दुबार नोंदी असतील तर तो इंडेक्स तयारच होत नाही.

किमतींचे काय? जँगोचे डेसिमलफील्ड पायथनचा डेसिमल देते. तो तसाच मोंगोडीबीत घालायला गेलात तर 'इनव्हॅलिड डॉक्युमेंट' असा एरर येतो. बीसनचा डेसिमल१२८ वापरा, किंवा किंमत पोस्टग्रेसमध्येच राहू द्या. ती फ्लोटमध्ये बदलून वेळ मारून नेऊ नका, पैशांत फरक पडतो. तीच गत नुसत्या तारखेची. 'डेट' चालत नाही, 'डेटटाइम'च लागतो.

वेळ वाचताना पायमोंगो मुळात टाइमझोन नसलेला यूटीसी डेटटाइम देते. जँगोचे वेळ-मूल्य टाइमझोनसह असते. दोघांत आधीचे कोणते अशी तुलना केली की टाइपएरर. क्लायंट तयार करताना 'टीझेड अवेअर' हे 'ट्रू' करा. शिवाय मोंगोडीबी मिलिसेकंदापर्यंतच साठवते, पायथनकडे मायक्रोसेकंद असतात. आत्ता साठवलेली वेळ परत वाचून 'बरोबर आहे का' असे पाहिले तर ती बरोबर निघत नाही.

टेम्प्लेटमध्ये आणखी एक गंमत. मोंगोडीबीच्या ओळख-फील्डचे नाव अंडरस्कोरने सुरू होते, आणि जँगोची टेम्प्लेट भाषा अंडरस्कोरने सुरू होणारे नाव स्वीकारत नाही. व्ह्यूमध्येच ते मूल्य स्ट्रिंग करून 'आयडी' अशा साध्या नावाने पुढे द्या. जेसन उत्तरासाठीही हेच करावे लागते, कारण ऑब्जेक्टआयडीचे जेसन आपोआप होत नाही.

पायरी ७: दोघांना एकत्र लिहायचे असेल तेव्हा

समजा ऑर्डर पोस्टग्रेसमध्ये लिहायची आहे आणि तिचा सविस्तर उतारा मोंगोडीबीत. दोन्ही ओळी एकाच अ‍ॅटॉमिक ब्लॉकमध्ये (जँगोच्या एका व्यवहारात) टाकल्या तर काय होते? मोंगोडीबीत उतारा गेला, त्यानंतर पोस्टग्रेसचा व्यवहार फिरला, म्हणजे रद्द झाला (रोलबॅक). ऑर्डर नाही आणि उतारा आहे. जँगोचा रोलबॅक मोंगोडीबीपर्यंत पोहोचत नाही.

यासाठी जँगोचे 'ऑन कमिट' आहे. मोंगोडीबीचे काम त्याला सोपवले की पोस्टग्रेसचा व्यवहार पक्का झाल्यावरच ते चालते. पण तिथेही खाच आहे. ऑर्डर पक्की झाली, मोंगोडीबी नेमकी बंद, फंक्शनने एरर फेकला. ग्राहकाला ५०० चे (सर्व्हर एररचे) पान दिसते, तो पुन्हा बटण दाबतो आणि दुसरी ऑर्डर पडते. जँगो ४.२ पासून 'ऑन कमिट'ला 'रोबस्ट' हा पर्याय आहे. तो लावला की एरर लॉगमध्ये जातो आणि ग्राहकाला ऑर्डर झाल्याचे पान मिळते. उतारा मात्र हुकलेलाच असतो.

उतारा हुकून चालणार नसेल तर पोस्टग्रेसमध्येच 'पाठवायचे बाकी' असे एक टेबल करा. ऑर्डरच्याच व्यवहारात त्यात एक ओळ घाला. मागे चालणारा वर्कर त्या ओळी उचलून मोंगोडीबीत लिहील आणि झाल्याची खूण करील. लिहिताना ऑर्डरचा क्रमांकच डॉक्युमेंटची ओळख म्हणून वापरा आणि 'अपसर्ट' (असेल तर बदल, नसेल तर नवा) करा. मग तेच काम दोनदा झाले तरी दुसरा डॉक्युमेंट तयार होत नाही.

पायरी ८: जोडण्यांचा हिशेब

पोस्टग्रेसची 'मॅक्स कनेक्शन्स' मुळात १०० असते, त्यातल्या ३ सुपरयूजरसाठी राखीव. हाती उरल्या ९७. जँगो प्रत्येक धाग्याला एक जोडणी वापरते. ३ मशिन, प्रत्येकी ४ वर्कर, प्रत्येकी ८ धागे म्हणजे ९६. कागदावर बसले. त्यात मागचे काम करणारे २ वर्कर धरा, ९८ झाले. शिवाय नवी आवृत्ती चढवताना काही क्षण जुने आणि नवे वर्कर दोन्ही चालू असतात, तेव्हा हा आकडा दुपटीकडे जातो. 'रोज डिप्लॉयच्या वेळीच साइट पडते' या तक्रारीमागे अनेकदा एवढाच हिशेब असतो.

'कॉन मॅक्स एज' मुळात शून्य असते, म्हणजे दर रिक्वेस्टला जोडणी उघडते आणि मिटते. प्रॉडक्शनमध्ये ते ६० करा आणि सोबत 'कॉन हेल्थ चेक्स' चालू ठेवा, नाहीतर डेटाबेस रीस्टार्ट झाल्यावर मेलेल्या जोडण्यांवर काही रिक्वेस्ट आपटतात. डेव्हलपमेंट सर्व्हरवर याचा उपयोग नाही, तो दर रिक्वेस्टला नवा धागा करतो. असिंक पद्धतीने, म्हणजे एएसजीआयखाली चालवत असाल तर ते शून्यच राहू द्या.

जँगो ५.१ पासून सायकोपीजी ३ बरोबर 'ऑप्शन्स'मध्ये 'पूल' देता येतो. तो वापरला तर 'कॉन मॅक्स एज' शून्यच हवे. पूल प्रत्येक प्रोसेसचा वेगळा असतो आणि आकार सांगितला नाही तर ४ जोडण्यांचा होतो. वरच्या उदाहरणात ३ × ४ × ४ म्हणजे ४८. ८ धागे ४ जोडण्या वाटून घेतील, लांबलचक क्वेरी असतील तर थोडे थांबतील. बहुतेक साइटना हा सौदा परवडतो. मध्ये पीजीबाउन्सर हा जोडण्या वाटून देणारा मध्यस्थ ट्रान्झॅक्शन मोडमध्ये बसवला असेल तर जँगोमध्ये 'डिसेबल सर्व्हर साइड कर्सर्स' हे 'ट्रू' करायला विसरू नका.

डॉकर आणि टेस्ट

कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. म्हणून होस्टमध्ये डॉकरच्या कंपोज फाइलमधले सर्व्हिसचे नाव लिहा. 'डिपेंड्स ऑन' नुसते लिहिले तर डेटाबेसचा कंटेनर सुरू होण्याची वाट पाहिली जाते, तो जोडण्या घ्यायला तयार होण्याची नाही. पीजी-इजरेडी वापरून हेल्थचेक लावा आणि 'सर्व्हिस हेल्दी' ही अट घाला. कंपोजमध्ये पासवर्ड बदलूनही जुनाच चालत असेल तर व्हॉल्यूम पाहा. पासवर्डचे ते व्हेरिएबल डेटाची जागा रिकामी असतानाच, पहिल्या वेळी वाचले जाते. मोंगोडीबीच्या इमेजचेही तसेच.

टेस्ट चालवताना जँगो पोस्टग्रेसमध्ये वेगळा टेस्ट डेटाबेस तयार करते, म्हणून त्या रोलला 'क्रिएटडीबी'ची परवानगी लागते. ती डेव्हलपमेंटमधल्या रोललाच द्या, प्रॉडक्शनमधल्याला नको. मोंगोडीबीबद्दल टेस्ट रनरला काही माहीतच नसते. टेस्टसाठी वेगळे डेटाबेस नाव दिले नाही तर टेस्ट खऱ्या कलेक्शनमध्ये लिहितात, आणि टेस्टच्या शेवटी कलेक्शन पुसून टाकणारी ओळ असेल तर तीही खऱ्यावरच चालते. 'टेस्टकेस' प्रत्येक टेस्ट व्यवहारात गुंडाळून शेवटी फिरवते, त्यामुळे 'ऑन कमिट'ला सोपवलेले काम तिथे चालत नाही. ते तपासायचे असेल तर 'कॅप्चर ऑन कमिट कॉलबॅक्स' वापरा आणि 'एक्झिक्यूट' हे 'ट्रू' द्या.